उपेक्षा म्हणजे जवळ बसून पाहणं

*नमस्कार. मी ४४ वर्षांची, एका पतसंस्थेत नोकरीला. कॉलेजच्या होस्टेलपासूनची माझी एक मैत्रीण आहे, २५ वर्षांची मैत्री. तिचा नवरा पितो, पिऊन आला की भांडणं, कधी कधी हातही उचलतो. गेले आठ महिने ती रोज रात्री साडेदहाला फोन करायची. तास-दीड तास, तेच तेच. मी ऐकायचे, समजवायचे, तिच्याबरोबर रडायचे. फोन ठेवला की दोन वाजेपर्यंत झोप नाही आणि पाचला उठून डबे. मध्ये तिच्या मुलाच्या फीसाठी ४० हजार दिले, ते आले नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी माझा तोल गेला. म्हणाले, "तुला यातून बाहेर पडायचंच नाहीये, तुला फक्त रडायला माणूस हवंय." तिने फोन ठेवला, तो ठेवलाच. पहिल्या आठवड्यात मला शांत झोप लागली आणि त्याचीच लाज वाटते. परवा कळलं की ती आता ऑफिसातल्या एका बाईंशी बोलते, तर काळजात चर्र झालं. मी प्रवचनाला जाते. तिथे ऐकते की खरी करुणा थकत नाही आणि अपेक्षा ठेवत नाही. मग मी कमी पडले का? रागावर ताबा कसा मिळवू? तिला परत कशी जोडू?*

*— थकलेली मैत्रीण, मिरज*

प्रिय ताई,

आधी त्या झोपेची लाज सोडा. आठ महिने, रोज सरासरी सव्वा तास धरला तर तीनशे तास होतात. तीनशे तास रात्री जागून ऐकलेलं शरीर पहिली संधी मिळाली की झोपतं. त्याचा तुमच्या प्रेमाशी काही संबंध नाही.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट ओझरती येऊन गेली आहे, ती मी आधी घेते. तिचा नवरा हात उचलतो. हे रुसव्याफुगव्याच्या आधीचं काम आहे. तुमचं बोलणं बंद असलं तरी एवढे तीन नंबर तिला पाठवा: मारहाण सुरू असेल तर ११२, महिलांसाठी मदतीचा १८१ आणि मोफत कायदेशीर मदतीचा १५१००. बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अनेक नोकरदार बायका "आपण त्यात बसत नाही" असं समजून तिथे जातच नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली ती संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकते आणि त्यासाठी तिला घर सोडावं लागत नाही. राहत्या घरात राहण्याचा हक्क तोच कायदा देतो. तिच्या वतीने तुम्हीसुद्धा त्या अधिकाऱ्याला माहिती देऊ शकता, पण तिला विचारल्याशिवाय देऊ नका. मारहाणीच्या घरात कुठलं पाऊल केव्हा टाकलं तर काय होईल, याचा अंदाज तिथे राहणाऱ्या बाईलाच सगळ्यात बरोबर असतो. आणि ती कधी "जगून काय करू" असं म्हणाली असेल, तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" असं विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट दडपण उतरतं. उत्तर हो आलं तर तिला एकटी सोडू नका आणि १४४१६ लावा. ही टेलिमानस सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

आता तुमच्याकडे वळू.

पाचव्या शतकात श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या महाविहारात बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग हा पाली ग्रंथ लिहिला. आपल्या गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी तो १९४० मध्ये मुंबईहून देवनागरीत संपादित करून दिला. तुमचा प्रश्न त्यात जवळजवळ जसाच्या तसा आहे, म्हणून त्याचा आधार घेते. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांपैकी प्रत्येकीला तिथे दोन वैरी सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. करुणेचा दूरचा वैरी म्हणजे क्रौर्य. तो लगेच ओळखू येतो. जवळचा वैरी म्हणजे शोक, घरच्या माणसाचं काही बिनसल्यावर जीव कासावीस होतो तो. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून त्याला आपण आत घेतो, पाट मांडतो आणि करुणाच आली आहे असं समजतो.

तुम्ही आठ महिने जे केलंत त्यात करुणा होतीच. पण रात्र चढत गेली तशी तिची जागा शोकाने घेतली. ओळखायची खूण सोपी आहे. करुणेचं लक्ष समोरच्या माणसावर असतं, तिला आत्ता काय हवं आहे यावर. शोकाचं लक्ष हळूहळू स्वतःच्या आत वळतं: मला हे ऐकवत नाही, हे थांबलं पाहिजे. आणि हे थांबत नाही असं दिसलं की तोच शोक चिडून उठतो आणि दूरच्या वैऱ्याला हाक मारतो. तुमच्या तोंडून निघालेलं वाक्य तिथून आलं. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला माणूस स्वतः गटांगळ्या खायला लागला की लाथा झाडतो. तो दुष्ट असतो म्हणून नव्हे, त्याला श्वास हवा असतो.

हा फरक अलीकडे प्रयोगातही तपासला गेला आहे. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी काही लोकांना आधी दुसऱ्याच्या वेदनेशी समरस व्हायचं शिक्षण दिलं, तेव्हा त्या लोकांचा स्वतःचाच त्रास वाढला. त्याच लोकांना नंतर करुणेचा सराव दिला, तेव्हा तो त्रास उतरला आणि मन उभारी धरू लागलं. म्हणजे प्रवचनात तुम्ही ऐकलंत की करुणा थकत नाही, ते खोटं नाही. थकवतो तो शोक. फक्त ते वाक्य थकलेल्या बाईच्या डोक्यावर हाणायचं नसतं.

"अपेक्षा ठेवत नाही" याबद्दल मात्र माझा वेगळा आग्रह आहे. त्याच ग्रंथात मैत्रीची एक कसोटी दिली आहे. चार माणसं एकत्र बसली आहेत: तुम्ही स्वतः, तुमचं आवडतं माणूस, एक ना ओळखीचं ना वैराचं असं माणूस आणि एक वैरी. दरोडेखोर येतात आणि म्हणतात, बळी द्यायला यातला एक द्या. वैऱ्याकडे बोट दाखवलं तर मैत्री अपुरी, हे कुणीही सांगेल. पण बुद्धघोष पुढे म्हणतात, "मला न्या, या तिघांना सोडा" असं म्हटलं तरीही ती अपुरीच. कारण ज्याला न्या म्हणता, त्याचं तुम्ही अहित चिंतलंत, मग ते माणूस तुम्ही स्वतः का असेना. चौघांतला एकही देण्याजोगा दिसत नाही, तेव्हा कुठे आतल्या भिंती पडल्या असं समजायचं.

आपल्याकडच्या बायकांना "मला न्या" हे लहानपणापासून इतकं सवयीचं असतं की ते पुण्यच वाटतं. तुम्ही गेले आठ महिने रोज रात्री साडेदहाला ते म्हणत होतात. पसायदानात ज्ञानदेवांनी मागितलं तेही "परस्परें" मैत्र आहे. त्या एका शब्दावर प्रवचनात क्वचितच कुणी थांबतं. म्हणून तुम्ही कमी पडलात असं मी म्हणणार नाही. मोजदाद करताना तुम्ही एक माणूस गाळलंत.

आता उपेक्षेबद्दल. हा शब्द मराठीत पार बिघडला आहे. आज उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. पण मूळ शब्द उप आणि ईक्ष् यांचा आहे: जवळून पाहणं. पतंजलींच्या योगसूत्रातही (१.३३) हीच चार नावं चित्त प्रसन्न राहण्याचा उपाय म्हणून येतात. तिथे उपेक्षा वाईट वागणाऱ्याच्या संदर्भात आहे, बौद्ध परंपरेत ती सगळ्यांसाठी आहे. तुमच्यासारख्या अवस्थेतल्या बाईला दोनच वाटा दिसतात, तिच्याबरोबर बुडायचं किंवा तिला टाकायचं. जुन्या अर्थाची उपेक्षा ही तिसरी वाट आहे. जवळ बसायचं, डोळे तिच्यावर ठेवायचे, पाण्यात उतरायचं नाही. तिच्या आयुष्याचे निर्णय तिचे, त्यांची फळंही तिची, हे मनात पक्कं ठेवून मग प्रेम करायचं. आणि याही भावनेला जवळचा वैरी आहे, बेफिकिरी. "तिचं ती बघेल" असं म्हणून फोन बंद करून ठेवणं म्हणजे उपेक्षा साधली, असं समजू नका.

दारूचं व्यसन असलेल्या माणसांच्या कुटुंबीयांसाठी अल्-अनॉनच्या सभा भरतात. तिथे हेच तीन वाक्यांत शिकवतात: हे व्यसन मी लावलं नाही, ते मी ताब्यात ठेवू शकत नाही, ते मी बरं करू शकत नाही. तुमच्या मैत्रिणीला या सभांचा खूप उपयोग होईल. आणि त्या तीन वाक्यांत "व्यसन"च्या जागी "तिचं दुःख" घालून तुम्हीही ती म्हणून पाहा.

आता राग. तोंडातून शब्द निघतो त्या क्षणी रागावर ताबा मिळवायला गेलं तर उशीर झालेला असतो. त्याच्या आधी तीन खुणा येतात. दात आवळले जातात, फोनची पकड घट्ट होते आणि मनात "ही नेहमी" किंवा "ही कधीच" अशी वाक्यं जुळायला लागतात. यातली तिसरी सगळ्यात भरवशाची. "नेहमी" हा शब्द मनात आला की समजा, तुमच्याकडे दोन-तीन मिनिटं आहेत. दोन्ही पावलं जमिनीला टेकवा, चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, असे दहा श्वास. शंभर सेकंद लागतात आणि ती बोलत असताना हे करता येतं, तिला कळतही नाही. श्वास सोडणं लांबवलं की छातीची धडधड उतरते, म्हणून सोडण्याचे आकडे जास्त. तरीही जमलं नाही तर म्हणा, "माझं आता ऐकण्यात लक्ष राहिलेलं नाही, उद्या सात वाजता मी तुला फोन करते." आणि सातला करा. हे वाक्य तेव्हा सुचत नाही, म्हणून आजच कागदावर लिहून फोनच्या चार्जरजवळ चिकटवा.

पण हे झालं उतू जाणारं दूध खाली उतरवणं. आच कमी करायची तर रोजचा सराव लागतो, आणि त्यात क्रम फार महत्त्वाचा. मैत्रीभावनेचा सराव करताना बहुतेक जण ज्याच्याशी बिनसलं आहे त्या माणसापासून सुरुवात करतात आणि आठवड्यात सोडून देतात. बुद्धघोषांनी सुरुवातीला अतिप्रिय मित्रसुद्धा वर्ज्य सांगितला आहे. कारण त्याला जरा काही झालं की सराव करणाऱ्याला रडू फुटतं. हे वाचताना मला तुमचंच पत्र आठवत होतं.

रोज पंधरा मिनिटं धरा, रात्री नको, सकाळच्या पहिल्या चहाआधी. पहिली पाच स्वतःसाठी: मी सुखी असो, मला त्रास न होवो. इथे अवघडल्यासारखं होईल, होऊ द्या. स्वतःपासून सुरुवात करण्याचं कारण लाड हे नव्हे. मला जसं सुख हवं तसंच इतरांना हवं, याची साक्ष काढायला आपण स्वतः हाताशी असतो. पुढची पाच अशा माणसासाठी ज्याच्याबद्दल निखळ आदर आहे, एखादे जुने शिक्षक, पण हयात असलेले. मृत व्यक्ती ग्रंथात वर्ज्य आहे. उरलेली पाच ओळखीच्या पण ना प्रेमाच्या ना रागाच्या माणसासाठी: दूध टाकणारा, पतसंस्थेत रोज पिग्मी भरायला येणारा एखादा दुकानदार. यातलं तिसरं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगाचं, कारण तिथे जुनी देणीघेणी आड येत नाहीत. दोन आठवडे एवढंच करा. तिसऱ्या आठवड्यात शेवटची दोन मिनिटं मैत्रिणीला द्या. राग आला किंवा रडू आलं तर जोर लावू नका, दुधवाल्याकडे परत या. परतणं हा सरावाचाच भाग आहे, ग्रंथातही तसंच सांगितलं आहे. तिच्या नवऱ्याला यात इतक्यात आणू नका.

होणारी चूक अशी की शब्द पोपटासारखे म्हटले जातात. म्हणून एकेका वाक्याला त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणा, हसरा. चेहरा दिसला नाही तर वाक्य पुढे ढकलू नका.

आता फोन. तो पुन्हा सुरू झाला तर पहिल्याच आठवड्यात वेळ बांधून घ्या. मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी सात ते पावणेआठ, आणि तोही चालता चालता. अंथरुणात घेतलेला फोन अंथरुणातच राहतो. बोलणं आणि झोप यांत निदान दोन तास जाऊ द्या. फोनच्या सुरुवातीला विचारा, "आज नुसतं ऐकू, की काही ठरवायचं आहे?" ती ऐक म्हणाली तर सल्ला एकही द्यायचा नाही. हे तुम्हाला जड जाईल. पण आठ महिन्यांत तुम्ही दिलेला सल्ला तिने घेतला नाही, याचा राग तुमच्या त्या वाक्यात होता, हे एकदा नीट पाहा. जो सल्ला मागितलाच नव्हता, तो न घेतल्याची तक्रार कशी करायची? ठरवायचं आहे म्हणाली तर एकच गोष्ट ठरवा: बँकेचं पासबुक, मुलाचे दाखले आणि दागिने कुठे ठेवायचे, किंवा वकिलाला कधी भेटायचं.

पहिले दोन-तीन आठवडे वेळेबाहेर फोन येतील, कदाचित आधीपेक्षा जास्त. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. चारदा न घेता पाचव्यांदा कळवळून घेतला की तिला एवढंच कळतं, पाचदा केला की लागतो. म्हणून एक फरक तिच्याशी आधीच बोलून ठेवा. मारहाण किंवा जिवाची भीती असेल तर लागोपाठ दोन मिस्ड कॉल, आणि तो फोन तुम्ही रात्री तीनलाही घ्यायचा. बाकीचं मंगळवारी.

ऑफिसातल्या त्या बाईंचं ऐकून तुमच्या काळजात चर्र झालं, हे तुम्ही लपवलं नाहीत. तिथे तुम्ही फार खरं लिहिलंत. आपण थकलोही होतो आणि आपल्याशिवाय तिला कुणी नाही, हे आपल्याला आवडतही होतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या भल्यात आनंद, आणि चौघींतली तीच सगळ्यात कमी सांगितली जाते. तिला दुसरा खांदा मिळाला हे तिचं भलं आहे. चार माणसांनी उचललेलं ओझं एकीने उचललेल्यापेक्षा सुरक्षित असतं, मारहाणीच्या घरात तर फारच. तिच्याशी बोलाल तेव्हा त्या बाईंचा विषय काढा आणि म्हणा, "बरं झालं त्या आहेत." पहिल्यांदा म्हणताना घशात अडकेल, तरी म्हणा.

४० हजारांचा विषय माफीत मिसळू नका. तिच्या कानाला माफीनंतरचे पैसे ही वसुली वाटेल. घरी बसून, यजमानांशी बोलून आधी तुमचं ठरवा. एक तर ते दिले असं मनात पक्कं करा आणि पुन्हा कधी उकरून काढू नका, किंवा दोन महिन्यांनी म्हणा, "तुला जमेल तेव्हापासून महिन्याला दोन हजार टाकशील का?" म्हणजे वीस महिने. मधली अवस्था, म्हणजे मागायचे नाहीत आणि विसरायचेही नाहीत, ही मैत्री आतून पोखरते.

राहिली माफी. ती त्या एका वाक्याबद्दल मागायची आहे, थकल्याबद्दल नाही. थकण्याबद्दल माफी मागितलीत तर पुन्हा थकण्याचा हक्क गमावून बसाल. माफीत "पण" नको, "तुला वाईट वाटलं असेल तर" नको, स्वतःच्या झोपेचा हिशेब नको. रात्री लिहू नका, लांब लिहू नका. तिचा फोन नवऱ्याच्या हाती पडतो का, याचा विचार करून नवऱ्याचा उल्लेख टाळा. ते तीन नंबरही त्याच कारणाने दुसऱ्या कुठल्या नावाखाली पाठवा, किंवा त्या ऑफिसातल्या बाईंमार्फत. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास एवढंच पाठवा:

"त्या रात्री मी बोलले ते चुकीचं होतं आणि खोटं होतं. तू आठ महिने काय सोसते आहेस हे मी ऐकलं आहे. मला माफ कर. मी तुझी मैत्रीण आहे. उत्तर द्यायची घाई नाही."

उत्तर आलं नाही तर दहा दिवस थांबा आणि मग एकदाच तिच्या ऑफिसच्या वेळेत फोन करा. तेव्हा नवरा जवळ नसेल आणि तिला मोकळेपणी हो किंवा नाही म्हणता येईल. नाही म्हणाली तर "बरं, मंगळवारी सातला मी मोकळी असते" असं सांगून ठेवा, आणि पुढचे काही मंगळवार खरोखर मोकळे ठेवा.

तुमची,
ताई